जमिनीलगतची हवा आणि अंदाजाची पारख

हिमायतनगरच्या, म्हणजे ज्यास जुनीं माणसें अद्याप वाढोणा म्हणतात त्या गांवच्या शिवारांत आमची थोडी काळी जमीन आहे. एका सालीं तींत कपाशी होती. धुऱ्यास धुरा लागून असलेल्या शेजाऱ्यांच्या वावरांत ऊस होता व त्यांत रुंद पानांचें तण फार माजलें होतें. आश्विनांतील एका निरभ्र संध्याकाळीं, सूर्य मावळतां मावळतां, वारा अगदीं पडलेला पाहून त्यांनीं उसांत टू-फोर-डी हें तणनाशक फवारलें. पुढें थोड्याच दिवसांत आमच्या कपाशीचीं शेंड्याकडील पानें अरुंद होऊन भेंडीच्या पानांसारखीं दिसूं लागलीं. कपाशीस हें औषध किती घातक आहे हें सर्वांस ठाऊक आहे. पण नवल असें कीं, उसाला लागून असलेल्या ओळींपेक्षां खालच्या अंगास, नाल्याकडे, नुकसान अधिक होतें.

शेजारी स्वतः पाहावयास आले. ते म्हणाले, "भाऊसाहेब, देवाशपथ सांगतों, त्या वेळीं पान हालत नव्हतें. मोबाईलवरहि पाहिलें होतें. वारा ताशीं आठ किलोमीटर, फवारणीला हरकत नाहीं, असें त्यांत होतें. मग औषध तुमच्या वावरांत गेलें कसें?"

ते खोटें बोलत नव्हते. त्यांच्या बोलण्यांत मात्र दोन गोष्टी एकमेकींशीं जुळत नव्हत्या. पान हालत नव्हतें आणि अंदाजांत वारा आठ किलोमीटर होता. त्यांतील खरें कोणतें, या प्रश्नानें आम्हांस बरेच दिवस सोडलें नाहीं. नोकरींतून मोकळे झाल्यावर हाताशीं वेळ होता. म्हणून मिळेल तें वाचलें, दोन उष्णतामापक आणले व वही घातली. त्यांतून जें समजलें तें या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हवामानखात्याच्या अंदाजांतील वारा हा जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा असतो. दहा मीटर म्हणजे तीन मजली इमारतीची उंची. उष्णतामान त्याहून बरेंच खालचें, म्हणजे सुमारें चार फुटांपासून दोन मीटरपर्यंतच्या उंचीवरचें असतें. वेधशाळेंत तें झडपांच्या पांढऱ्या पेटींत ठेवलेल्या मापकावर वाचतात. आमचें पीक कोठें असतें? हरभरा वीतभर, सोयाबीन गुडघाभर, कपाशी कमरेइतकी. तेव्हां अंदाज ज्या हवेविषयीं बोलतो ती हवा आणि पीक ज्या हवेंत उभें असतें ती हवा या दोन्ही एकच आहेत असें मुळींच धरतां येत नाहीं.

दिवसां हा भेद फारसा जाणवत नाहीं. ऊन पडतें, काळी जमीन तापते, तिला लागलेली हवा हलकी होऊन वर जाते व वरची खालीं येते. रवीनें ताक घुसळावें तशी सारी हवा घुसळली जाते. या घुसळणीचा थर भर दुपारीं एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत पोंचतो; वैशाखांतील उन्हांत त्याहूनहि वर जातो. जमिनीच्या स्पर्शानें ज्या थराची चालचलणूक दिवसरात्र बदलते, त्यास शास्त्रज्ञ सीमास्तर म्हणतात. सूर्य मावळला कीं जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकूं लागते. आकाश निरभ्र असलें तर ती परत येत नाहीं. ढग असले तर बरीचशी परत येते. जमीन थंड झाली कीं तिला लागलेली हवा थंड व जड होऊन तळाशीं बसते आणि तिच्यावर ऊबदार हवा राहते. म्हणजे दिवसाच्या उलट प्रकार होतो. अशा वेळीं थर एकमेकांवर तेलपाण्यासारखे राहतात, घुसळण जवळ जवळ बंद पडते, आणि वरचा वारा खालीं उतरत नाहीं. वर दहा मीटरवर आठ किलोमीटरचा वारा असूं शकतो आणि खालीं पानहि हालत नाहीं. म्हणजे त्या संध्याकाळीं अंदाजहि खरा असूं शकेल आणि शेजारीहि खरे असूं शकतील.

पान हालत नाहीं म्हणजे हवा निश्चल आहे असेंहि नव्हे. थंड जड हवा पाण्यासारखी उताराकडे सरकते. तिची गति इतकी मंद असते कीं अंगास कळत नाहीं. फवाऱ्याचे मोठे थेंब खालीं पडतात, पण धुक्यासारखे बारीक कण त्या थरांत तरंगत राहतात. दुपारीं ते वर उडून विरळ झाले असते; संध्याकाळीं ते दाट राहून हवेबरोबर उताराकडे गेले. आमचा उतार नाल्याकडे आहे. नाल्याकडील ओळी अधिक कां बिघडल्या, याचें याहून सरळ उत्तर आम्हांस सांपडलें नाहीं. वाचकांनीं थंडीच्या दिवसांत दिवेलागणीच्या वेळीं गांवाकडे पाहावें. चुलींचा व शेकोट्यांचा धूर वर न जातां घरांच्या उंचीवर चादरीसारखा पसरतो आणि कित्येकदां देवळाचा कळस तेवढा त्यावर दिसतो. त्या वेळीं थर बसलेले आहेत हें सांगण्यास कोणतेंहि यंत्र लागत नाहीं.

आतां अंदाज तयार कसा होतो तें थोडक्यांत पाहूं. वातावरणाचे आडवे चौकोन व उभे थर कल्पून, प्रत्येक खणांतील वारा, उष्णता व ओल यांचा हिशेब गणकयंत्रावर करीत जाणें, यास प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' २०२५ च्या मे महिन्यांत हवामानखात्यानें सुरू केली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. पूर्वीचा बारा किलोमीटरचा होता, म्हणून ही मोठीच सुधारणा आहे. तरी महसुली हिशेब करून पाहा. सहा गुणिले सहा म्हणजे छत्तीस चौरस किलोमीटर, म्हणजेच तीन हजार सहाशें हेक्टर. त्यांत कांहीं गांवांचे शिवार, काळी, बरड, माळ, नाला, तळें, ऊस व पडीक, सर्व आलें. आणि या साऱ्यांस मिळून एकच उतारा! नाल्याकांठचा सखल तुकडा व माळावरचा उंच तुकडा यांस अंदाजांत निराळें खातें नाहीं.

दुसरी अडचण घुसळणीची. हवेची प्रत्येक लहान भोंवरी मोजून हिशेबांत घेणें अशक्य असल्यामुळें, अमुक वाऱ्यास व अमुक उष्णताभेदास अमुक इतकी घुसळण, असा ठोकताळा प्रतिमानांत घातलेला असतो. हा ठोकताळा कोठून आला? शेतांतूनच आला. अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत १९६८ सालीं गव्हाच्या धसकटांच्या सपाट रानांत बत्तीस मीटर उंचीचा मनोरा उभारून निरनिराळ्या उंचीवर वारा व उष्णता मोजलीं गेलीं; त्यांवरून बसविलेले नियम पुढें जगभरच्या प्रतिमानांत शिरले. आपल्या देशांत १९९० सालीं जोधपूर, दिल्ली, वाराणसी व खरगपूर येथें तीस मीटरचे मनोरे उभारून पावसाळ्यांतील सीमास्तराचीं मापनें झालीं. महाराष्ट्रांत सोलापूर येथें पुण्याच्या त्याच संस्थेनें २०१८ व २०१९ सालीं ढग व पाऊस यांच्या अभ्यासासाठीं विमान, रडार व जमिनीवरील उपकरणें लावलीं होतीं. तात्पर्य, गणित कितीहि थोर असो, त्याच्या पायाशीं कोठल्या तरी शेतांत उभा राहून कोणी तरी घेतलेली नोंद असते. तें शेत सपाट धसकटाचें होतें आणि आपलें उताराचें काळें कपाशीचें आहे, हा भेद मात्र मनांत ठेवला पाहिजे. वारा असतांना हे ठोकताळे बरे चालतात. निरभ्र, शांत रात्रीं ते सर्वांत अधिक फसतात. ठिकठिकाणच्या प्रतिमानांच्या तुलना झाल्या, त्यांत रोजच्या अंदाजाचीं प्रतिमानें अशा रात्रीं वाजवीपेक्षां जास्त घुसळण धरतात असें दिसून आलें. जास्त घुसळण म्हणजे वरची ऊब खालीं आली असें मानणें; अर्थात् तळाची हवा प्रत्यक्षापेक्षां ऊबदार ठरविणें.

आमची सारी नोकरी ज्या कामांत गेली त्यांतील एक दाखला येथें देतों. आणेवारी नजरेनें लावतात हें सर्वांस माहीत आहे. नजर-अंदाज अनुभवी माणसाचा असला तरी तो अंदाजच. त्याची पारख पीक-कापणी प्रयोगानें होते. पण त्या प्रयोगाचा तुकडा कोणी सोयीनें निवडला, बांधाकांठचा हिरवागार घेतला किंवा खडकाळ कोपरा घेतला, तर त्या कापणीनें नजर-अंदाज खरा ठरला काय आणि खोटा ठरला काय, दोन्ही व्यर्थ. म्हणून तुकडा आधीं ठरलेल्या आंकड्यांवरून काढतात, वजन सर्वांसमक्ष करतात, ओल्या मालाचें वाळवून पुन्हां करतात. हवामानाचा अंदाज हा नजर-अंदाज आणि शेतांतली नोंद ही पीक-कापणी, असें समजल्यास पुढचें सर्व सोपें जाईल. आम्ही एका कचेरींत असतांना पर्जन्यमापक कडुनिंबाच्या फांदीखालीं उभा होता. वर्षानुवर्षें त्यांतील पाणी इमानानें मोजून वर कळविलें जात होतें. मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणा निर्विवाद होता, पण त्यानें आंकडा खरा होत नाहीं.

तथापि नोंद आणि गणित यांत विरोध आला असतां नोंदच चुकीची असें घाईनें म्हणूं नये, हें दाखविणारी एक गोष्ट आपल्या पुण्यांतच घडलेली आहे. हवामानखात्याचें मुख्य ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें, आणि १९३२ सालीं तेथें शेतीविषयक हवामानाची शाखा निघाली. तिचे प्रमुख डॉ. एल्. ए. रामदास हे सी. व्ही. रामन् यांचे शिष्य. पिकांच्या उंचीवरची हवा कशी असते, हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय. त्या काळीं सर्वत्र अशी समजूत होती कीं, निरभ्र शांत रात्रीं सर्वांत थंड जागा म्हणजे जमिनीचा पृष्ठभाग, आणि तेथून वर जावें तसें उष्णतामान वाढत जातें. आपणहि वर तसेंच सांगितलें. रामदास व त्यांचे सहकारी आत्मनाथन् यांनीं १९३२ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, उघड्या जमिनीवर मोजून पाहतां सर्वांत थंड हवा पृष्ठभागीं नसून त्याच्या वर, सुमारें वीत-दीड वीत उंचीवर, सांपडते. आणि ती जमिनीपेक्षां कांहीं अंशांनीं थंड असते.

ही गोष्ट तेव्हांच्या विचारांत बसेना. जमीन खालून ऊबदार आणि तिच्यावर थंड हवा, म्हणजे जड वस्तु हलक्या वस्तूवर ठेवण्यासारखें; ती लगेच उलटून मिसळली पाहिजे. म्हणून कित्येकांनीं उपकरणांत दोष असावा म्हटलें. दुसऱ्यांनीं बाजूची थंड हवा वाहून आली असावी असें म्हटलें. पुढें १९५६ सालीं इंग्लंडांत लेक यांना, आणि १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनांत राश्के या जर्मन शास्त्रज्ञांना खुद्द पुण्याच्या उघड्या जमिनीवर, तोच प्रकार आढळला. तेव्हां नोंद खरी ठरली. आज त्या थरास रामदास थर असेंच नांव आहे.

पण खरा बोध याच्यापुढें आहे. नोंद खरी, मग कारण काय? १९९३ सालीं बंगळूरचे वासुदेव मूर्ति, श्रीनिवासन् व रॉडम नरसिंह यांनीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत एक गणिती उपपत्ति मांडली. तिच्या हिशेबानें जमिनीच्या वर थंड थर तयार होई. उंची जुळे, अंशहि जुळत. साठ वर्षांचें कोडें सुटलें असें वाटलें. तथापि बंगळूरच्याच जवाहरलाल नेहरू केंद्रांतील पोन्नुलक्ष्मी, मुकुंद, श्रीनिवास, सुब्रमण्यन् आदि संशोधकांनीं २०१२ सालीं दाखवून दिलें कीं, त्या हिशेबांत जमिनीवरून परत फिरणाऱ्या उष्णता-किरणांची रक्कम चुकीच्या खात्यांत घातली गेली होती; त्या चुकीमुळेंच कागदावर जास्तीची थंडी उत्पन्न होत होती. चूक दुरुस्त केली कीं तो थर नाहींसा होई. त्यांनीं पुढें शेतांत व प्रयोगशाळेंत मोजून, जमिनीलगत तरंगणारे बारीक धूलिकण उष्णता बाहेर टाकून हवा थंड करतात, असें कारण २०१४ सालीं मांडलें. म्हणजे, नोंद गणिताशीं जुळली नाहीं तेव्हां गणित चूक होतें. आणि जुळली तेव्हांहि गणित चूकच होतें! बेरीज बरोबर आली म्हणून रकमा बरोबर असतात असें नाहीं, हें ज्यांनीं दप्तरें तपासलीं आहेत त्यांस सांगावयास नको.

आतां आपल्या शेतांत काय करतां येईल तें सांगतों. दोन साधे पण चांगले उष्णतामापक घ्यावे. आधीं त्यांचीच परीक्षा करावी. स्वच्छ पाण्यांत कुटलेला बर्फ घालून, हालवून, त्यांत दोन्ही बुडवावे. बर्फ वितळत असेपर्यंत शून्य अंश दाखविलें पाहिजे. जो एक अंश जास्त दाखवील त्याच्या प्रत्येक वाचनांतून एक अंश वजा करावा व ही गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. नंतर एक रात्र दोन्ही शेजारीं शेजारीं टांगून ते जुळतात कीं नाहीं तें पाहावें. हें न करतां काढलेल्या निष्कर्षांस आम्ही किंमत देणार नाहीं; आमचा स्वतःचा पहिला महिना याच चुकीनें फुकट गेला. त्याहून मोठी चूक अशी कीं, तो मापक आम्ही आखाड्यावरच्या कोठ्याच्या भिंतीस खिळ्यानें अडकविला होता. दिवसभर तापलेली भिंत रात्रभर ऊब देत राहते, म्हणून पहाटेचें वाचन अंदाजाहून नेहमीं जास्त येई आणि आम्ही अंदाजास नांवें ठेवीत असूं.

एक मापक चार-साडेचार फूट उंचीवर, भोंवतीं हवा खेळेल अशा पांढऱ्या लांकडी झडपेच्या पेटींत ठेवावा. पेटीचें दार उत्तरेस असावें, म्हणजे उघडतांना ऊन आंत जाणार नाहीं. घर, झाड, विहिरीचें बांधकाम व कडब्याची गंजी यांपासून तिला दूर ठेवावें. दुसरा मापक पिकाच्या उंचीवर, वीतभर, त्याच तुकड्यांत दोन खुंट्यांवर आडवा ठेवावा. पहिल्याची तुलना अंदाजाशीं होईल. दुसऱ्याची अंदाजाशीं तुलना करूं नये. तो पहिल्यापेक्षां किती उतरतो एवढेंच पाहावें, म्हणजे अंदाजावरून पिकाच्या अंगची थंडी काढतां येईल. वाचन सूर्योदयाच्या वेळीं घ्यावें, कारण रात्रीचें किमान उष्णतामान बहुधा त्याच सुमारास असतें. रात्रींतील नेमकें किमान ठेवणारा मापक मिळाल्यास उत्तमच. वाचतांना तोंडाची वाफ व हाताची ऊब मापकास लागूं देऊं नये. आधीं दशांश व मग पूर्ण अंश वाचावा, म्हणजे तितक्यांत पारा चढला तरी चूक थोडी होते.

वहींत आणखी चार गोष्टी लिहाव्या: आकाश निरभ्र कीं ढगाळ, धूर सरळ वर जातो कीं आडवा पसरतो, दंव पडलें कीं नाहीं, आणि जमीन ओली कीं कोरडी. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक सांठविते व खालची ऊब वर अधिक सहज पोंचविते, म्हणून पाणी दिलेला तुकडा पहाटे कोरड्या तुकड्याइतका उतरत नाहीं. थंडीच्या लाटेंत केळीस किंवा भाजीपाल्यास संध्याकाळीं पाणी द्यावें असें जें सांगतात त्याचें कारण हेंच. अंदाज मात्र आदल्या संध्याकाळीं, रात्र पडण्यापूर्वीं, लिहून ठेवावा. सकाळीं वाचन पाहून मग "काल असेंच कांहीं सांगितलें होतें" असें आठवून लिहिलेला अंदाज नेहमीं जुळतो!

हिशेबाची रीत एका कल्पित उदाहरणानें दाखवितों. समजा, सात रात्रींचा किमान अंदाज अनुक्रमें १२, १२, ११, १३, १४, १२ व ११ अंश होता. आणि पेटींतील वाचन ९, १०, ८, १३, १४, ९ व ९ आलें. अंदाजांतून वाचन वजा केल्यास ३, २, ३, ०, ०, ३ व २ उरतात. बेरीज १३, तीस सातांनीं भागतां दोन अंशांस थोडी कमी अशी सरासरी चूक आली. उतावळा माणूस म्हणेल, अंदाजांतून दोन अंश वजा केले कीं झालें. पण वहींतील आकाशाचा रकाना पाहा. चौथी व पांचवी रात्र ढगाळ होती. त्या दिवशीं चूक शून्य. उरलेल्या पांच निरभ्र रात्रींची सरासरी चूक अडीच अंशांहून अधिक. म्हणजे सरसकट दोन अंश कमी केल्यास ढगाळ रात्रीं आपण विनाकारण घाबरूं आणि निरभ्र रात्रीं, जेव्हां खरी भीति असते तेव्हां, अर्ध्या अंशानें गाफील राहूं. चूक केव्हां होते हें कळल्यावांचून ती किती होते हें कळून उपयोग नाहीं.

आणखी एक सावधगिरी. एके दिवशीं तीन अंश जास्त व दुसऱ्या दिवशीं तीन अंश कमी चुकल्यास सरासरी शून्य येते व अंदाज निर्दोष दिसतो. म्हणून अधिक-उणें चिन्ह सोडून चुकांची दुसरी बेरीजहि करावी. आणि पुण्याच्या गोष्टींतला बोध येथें लावावा: अंदाज जुळला तरी कशामुळें जुळला तें पाहावें. समजा, अंदाजांत ढग येतील व किमान १३ राहील असें होतें. ढग आले नाहींत, तरी किमान १३ च राहिलें. अशा रात्रीं दोन चुकांनीं एकमेकींस झांकलें आहे. हा दिवस जुळलेल्यांत मोजूं नये. त्याखालीं रेघ मारून ठेवावी. केवळ एक आंकडा ताडून पाहणाऱ्यास ही लबाडी कधींच कळणार नाहीं. आकाश, धूर व दंव यांचे रकाने त्याचसाठीं आहेत.

वाऱ्याच्या बाबतींत दहा मीटरचा मनोरा आपणांस परवडणारा नाहीं, आणि पिकाच्या उंचीवरच्या वाऱ्यावरून वरच्या वाऱ्याचा अंदाज खोटा ठरविणें हा अन्याय होय. महावेध प्रकल्पांत २०१७ पासून महसूल मंडळांत जीं स्वयंचलित केंद्रें बसविलीं गेलीं, त्यांचे आंकडे ताडून पाहण्यास उपयोगी पडतात. पण केंद्र कोणत्या जागीं आहे तें एकदां डोळ्यांनीं पाहून यावें. भिंतीजवळ, गच्चीवर किंवा झाडाखालीं असल्यास आमच्या कडुनिंबाखालच्या पर्जन्यमापकाची आठवण ठेवावी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठांतून मंगळवारीं व शुक्रवारीं हवामानाधारित सल्ला निघतो, तोहि वहींत चिकटवून ठेवल्यास पुढें तुलनेस बरें पडतें.

आमच्या वहींत दोन हिंवाळ्यांच्या नोंदी झाल्या आहेत. एका वावरावरून साऱ्या तालुक्याबद्दल बोलण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमच्या नाल्याकडील तुकड्यापुरतें इतकें म्हणतां येतें कीं, धूर आडवा पसरलेल्या रात्रीं अंदाज बहुतेक वेळां ऊबदार ठरला, आणि वाऱ्याच्या व ढगाळ रात्रीं तो इतका बरोबर येई कीं आम्हीं त्यास पूर्वीं दिलेले दोष परत घेतले. वरच्या माळाकडील तुकड्यांत हा भेद फार थोडा होता. म्हणजे अंदाज माळापुरता खरा आणि नाल्यापुरता चुकीचा, असें एकाच गटांत घडतें. तेव्हांपासून थंडीस नाजूक असें कांहींहि आम्ही नाल्याकडे लावीत नाहीं.

शेजाऱ्यांनींहि आपला क्रम बदलला आहे. फवारणीपूर्वीं ते धुऱ्यावर पाचटाची लहानशी धुरी करतात. धूर आडवा पसरून रेंगाळला तर पंप परत घरीं जातो. सकाळीं ऊन जरा वर येऊन धूर उठूं लागला, आणि मंद पण एका दिशेचा वारा आमच्या कपाशीकडून त्यांच्या उसाकडे वाहत असला, कीं मग सुरुवात करतात. गेल्या खेपेस त्यांनीं आम्हांस सकाळींच हांक मारून विचारलें, "भाऊसाहेब, तुमच्या खालच्या मापकांत आणि पेटींत आज फरक किती?" आम्हीं पाहून सांगितलें, "अजून दोन अंश खालीं थंड आहे." ते पंप खालीं ठेवून चहास आले, आणि सुमारें तासाभरानें दोन्ही मापक जुळल्यावर कामास लागले.